एक लाख हात

रात्री पावणेएकला मी एक लाख वेळा पत्ते पिसले.
बोटं हलली नाहीत.
लॅपटॉपचा पंखा जरा घुरघुरला, एवढंच,
आणि बाहेर हडर्सफील्डच्या चढावर
शेवटची बस गिअर बदलत गेली.

साठ पत्ते. त्यातले चोवीस झरे.
झऱ्याशिवाय या खेळात काही हलत नाही,
प्राणी नाही, मंत्र नाही, साधी भिंतसुद्धा नाही.
पहिल्या सात पत्त्यांत एकही झरा न येणं:
शंभरात दोनदा.
दोन, तीन किंवा चार येणं: सत्त्याहत्तरदा.
तेविसावर आणले तर? पंचविसावर नेले तर?
दिवसा मी पाणी कंपनीत गळती शोधते.
रस्त्याखालच्या, कोणी न पाहिलेल्या पाइपांवर
आकडे मांडून सांगते, इथे खणा.
बहुतेक वेळा तिथे ओल असते.
बहुतेक वेळा. या दोन शब्दांवर माझं घर चालतं.

संगणकाला आधी एक बीज द्यावं लागतं.
मी घराचा नंबर देते, त्रेचाळीस.
तेच बीज पेरलं की तेच नशीब उगवतं,
पत्त्यामागून पत्ता, तंतोतंत.
सटवीला असं बीज मिळालं असतं
तर एका रात्रीत अख्ख्या गावाची कपाळं लिहून
ती झोपायला मोकळी.

गुरुवारी, न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत
क्लाईव्ह ओल्डरॉईड माझ्यासमोर बसतात.
वय शहात्तर. गिरणीत माग दुरुस्त करायचे.
बोटांचे सांधे आता आल्याच्या कुडीसारखे.
म्हणाले, तुझ्या त्या यंत्राला विचार
माझ्या गड्डीत काय बिघडलंय.
अकरा गुरुवार हरतोय.

मी त्यांची गड्डी भरली, चालवली.
काहीही बिघडलेलं नव्हतं.
अकरातले पाच तरी जिंकायला हवे होते.

मग मी पत्ते पाहायचं सोडलं
आणि पिसणं पाहिलं.

अर्धी गड्डी अर्धीत शिरतच नव्हती.
मागच्या डावातले झरे, टेबलावर एका रांगेत मांडलेले,
एका मुठीत उचलले जायचे
आणि एका मुठीनेच राहायचे.
लहानपणी बदाम सात संपल्यावर
आम्ही बहिणी ओरडायचो, नीट पिस गं,
नाहीतर पुढच्या डावाला सगळं इस्पिक ताईकडे!
तीच गोष्ट. फक्त इथे ओरडणारं कोणी नव्हतं.

त्या रात्री मी संगणकाला
वाईट पिसायला शिकवलं.
चार-चार पत्ते चिकटू देत.
अंगठा मधेच थांबू दे.
थरथर किती धरायची? शून्य पूर्णांक तीन? चार?
माणसाच्या सांधेदुखीत
दशांशचिन्ह नेमकं कुठे द्यायचं
हे मला कुठल्याच कॉलेजात सांगितलं नव्हतं.
पुन्हा एक लाख हात.
बिनझऱ्याचे आता शंभरात नऊ.
अकरा गुरुवार आपापल्या जागी जाऊन बसले.

पुढच्या गुरुवारी सगळं सांगून टाकलं.
आणि म्हटलं, मी पिसून देऊ का?

त्यांनी गड्डी दोन्ही हातांत धरून ठेवली,
मापाला आलेल्या कापडासारखी.
तुझा आकडा बरोबर असणार, म्हणाले.
पण पोरी, पिसणं तेवढंच माझं आहे.
बाकीचं सगळं पत्तेच करतात.
काटायचा हक्क तुझा. काट नीट.

मी काटले.
वर खालचं, खाली वरचं.
खालच्या दुकानात कोणाच्या तरी मानेवर मशीन चालू होतं.

त्यांनी सात पत्ते उचलले, सावकाश, एकेक,
पाहिले, आणि उलटे करून माझ्यापुढे पसरले.
झरा, झरा, झरा, झरा,
झरा, झरा, झरा.

तुझ्या कंपनीला कळव, म्हणाले,
गळती सापडली.